पगार देणारा आधी पैसे मागत नाही



शिकलेसवरलेले मूल घरात बसून राहिले म्हणजे आई-वडिलांच्या जिवाला घोर लागतो. वडील निवृत्तीला आलेले, आई चार घरची धुणीभांडी करून संसाराला हातभार लावणारी, आणि मुलगी मात्र 'अर्ज केलाय, उत्तर येईल' याच्यापुढे काही सांगू शकत नाही. अशा घरात एके दिवशी मोबाइलवर ई-मेल येतो की, 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. घरबसल्या काम, रोज दोन-तीन तास, महिना २५ हजार रुपये.' ते वाचून त्या घराला होणारा आनंद अगदी खरा असतो. बहुतेक वेळा ई-मेल मात्र खोटा असतो.

आम्ही व आमचे काही सहकारी दर रविवारी सकाळी विहारात मुलामुलींचे नोकरीचे अर्ज भरून देण्यास बसतो. रमाबाई नगर, कामराज नगर, भटवाडी, असल्फा अशा घाटकोपरच्या निरनिराळ्या वस्त्यांतून मुले येतात. पूर्वी ती वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण घेऊन येत, आता मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, 'काका, हे खरं आहे का बघा ना.' हा प्रश्न इतक्या वेळा आला की त्याचे उत्तर या सदरातून एकदाच सविस्तर द्यावे असे आम्ही ठरविले. विषय थोडा किचकट आहे, परंतु घरातील प्रत्येकाने, विशेषतः आयांनी, तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे.

घरबसल्या काम आपल्याला नवे नाही

काहीजण म्हणतात की घरबसल्या काम म्हणजेच फसवणूक. हे बरोबर नाही. आपल्या वस्त्यांतील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या घरी बसून काम केले आहे. कोणी मणी ओवले, कोणी राख्या बांधल्या, कोणी अगरबत्त्या वळल्या, कोणी पापड लाटले. याच मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला. तोच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड म्हणून देशभर माहीत झाला. या उद्योगाची रीत काय आहे? केंद्रावरून भिजवलेले पीठ घ्यायचे, घरी लाटायचे, वाळवायचे, परत नेऊन द्यायचे. तेथे वजन होते, माल पाहिला जातो आणि ठरलेल्या दराने लाटण्याची मजुरी मिळते.

या रीतीतील चार गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, काम दिसते. दोन, काम देणारा दिसतो आणि त्याचे ठिकाण माहीत असते. तीन, दर आधी ठरलेला असतो आणि तो कामाच्या मानाने पटणारा असतो. चार, पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे येतो. संगणकावरचे खरे काम असले तरी या चार गोष्टी बदलत नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हजारो नोकरदारांनी घरून काम केले आणि कंपन्यांनी त्यांना पगार दिला. कोणाही कंपनीने 'आधी १,५०० रुपये भरा, मग घरून काम करा' असे आपल्या नोकराला सांगितले नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने कारकून. त्यामुळे कोणत्याही व्यवहारात जमा कोणत्या बाजूला आणि नावे कोणत्या बाजूला हे आधी पाहण्याची सवय लागली आहे. नोकरी हा व्यवहार याच दृष्टीने पाहावा. नोकरीत कामगाराच्या बाजूला पैसा जमा पडतो. ज्या दिवशी कामगाराच्या नावे पैसा पडू लागतो, त्या दिवशी ती नोकरी राहत नाही. मग त्या पैशाला अर्ज फी म्हणोत, अनामत म्हणोत, लॅपटॉपचे डिपॉझिट म्हणोत, प्रशिक्षण शुल्क म्हणोत की पोलीस तपासणीचा खर्च म्हणोत. 'ही रक्कम पहिल्या पगारात परत मिळेल' असे आवर्जून लिहिलेले असते. परत देण्याचीच असेल तर पहिल्या पगारातून कापून का घेत नाहीत, एवढा एक प्रश्न उलट विचारून पाहावा. त्याचे सरळ उत्तर येत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सरकारी भरतीच्या परीक्षेसाठी शुल्क असते, हे खरे. परंतु त्याची जाहिरात प्रसिद्ध होते, शुल्क अधिकृत संकेतस्थळावरच भरायचे असते आणि ते परीक्षेचे असते, निवडीचे नव्हे. अर्ज नाही, परीक्षा नाही आणि निवड मात्र झाली, असे सरकारात होत नाही. मोठ्या खासगी कंपन्यांचेही तेच. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, असे जाहीरपणे सांगून ठेवले आहे.

२०११ सालचा धडा

'स्पीक एशिया' हे नाव आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. २०१० साली ही कंपनी भारतात पसरली. ठिकाण सिंगापूरचे सांगितले जाई. वर्षाला ११ हजार रुपये वर्गणी भरायची, संगणकावर आठवड्याला दोन प्रश्नावल्या भरायच्या, प्रत्येकीचे ५०० रुपये. म्हणजे आठवड्याला १ हजार आणि वर्षाला ५२ हजार. शिवाय दुसरा सभासद आणला तर त्याचे वेगळे पैसे. सुरुवातीला लोकांना पैसे मिळालेही. त्यामुळे मेहुण्याने मेहुण्याला आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओढले. २०११ साली पैसे थांबले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि पुढे २०१३ साली मुख्य सूत्रधार म्हणून दिल्ली पोलिसांनी एकाला पकडले. सुमारे २४ लाख लोक व २ हजार कोटींहून अधिक रुपये यात गुंतल्याचे तेव्हा सांगितले गेले.

आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. माणशी ११ हजार घ्यायचे आणि ५२ हजार द्यायचे, म्हणजे माणशी ४१ हजार रुपये कंपनीने कोठून तरी आणले पाहिजेत. २४ लाख माणसांसाठी ही रक्कम वर्षाला ९ हजार ८४० कोटी होते. प्रश्नावलीवर चार खुणा केल्याबद्दल एवढा पैसा कोण देणार? देणारा कोणी नव्हताच. नव्याने आलेल्यांच्या वर्गणीतून जुन्यांना पैसे मिळत होते. नवे येणे थांबले की सगळे थांबणारच होते. हा हिशेब सातवीतल्या मुलालाही करता आला असता, परंतु मिळणाऱ्या पैशाकडे पाहताना तो करण्याचे अनेकांना सुचले नाही. सर्वात वाईट म्हणजे फसलेल्यांतील अनेकजण कंपनीच्याच बाजूने उभे राहिले, संघटना बांधून न्यायालयापर्यंत गेले. आपण फसलो हे मान्य करणे माणसाला किती जड जाते, हे त्यातून दिसले.

नावे बदलली, यंत्रे बदलली, परंतु हिशेब तोच आहे. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने जाहीर केले की, गुंतवणूक व अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणूक करणारी १०० हून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली आहेत. निवृत्त माणसे, गृहिणी व कामाच्या शोधात असलेले तरुण हे त्यांचे लक्ष्य असल्याचेही त्यात म्हटले होते. म्हणजे आपल्याच घरातली माणसे.

ई-मेल कसा वाचावा

पत्र हाती आले की आपण आधी पाकिटावरचा शिक्का पाहत असू. ई-मेलचेही तसेच करावे. वरती ठळक अक्षरांत दिसते ते नाव कोणालाही हवे ते लिहिता येते. त्या नावावर बोट ठेवले म्हणजे खरा पत्ता दिसतो. त्या पत्त्यात 'ॲट द रेट'च्या खुणेनंतर काय आहे ते वाचावे. समजा कंपनीचे नाव 'अबक' आहे व तिचे संकेतस्थळ 'अबक डॉट कॉम' आहे. तर तिच्या ई-मेलच्या शेवटीही बहुधा 'अबक डॉट कॉम' असेच असते. 'अबक-जॉब्स डॉट कॉम' किंवा 'अबक डॉट कॉम डॉट ऑफर डॉट इन' असे असेल तर तो पत्ता दुसऱ्याच कोणाचा आहे असे समजावे, कारण पत्त्याचा खरा मालक शेवटच्या भागावरून ठरतो. 'जीमेल डॉट कॉम' असेल तर छोटा दुकानदार समजू शकतो, परंतु हजारो नोकर असलेली कंपनी निवडीचे पत्र जीमेलवरून पाठवणार नाही.

दुसरी गोष्ट, मजकूर कोणाच्या नावाने आहे? 'प्रिय उमेदवार' असे लिहिलेले असते. आपण ज्या कामासाठी अर्ज केला त्याचे नाव नसते. अर्जच केला नव्हता असेही पुष्कळदा असते. मुलाखत झालेली नसते, किंवा झाली असली तर फक्त मोबाइलवर चार ओळींचे प्रश्नोत्तर. शिक्षण दहावी चालेल, अनुभव नको, संगणक येत नसला तरी चालेल, आणि पगार मात्र आठ-दहा वर्षे नोकरी केलेल्या कारकुनाएवढा! तिसरी गोष्ट घाईची. 'आज सायंकाळी सहापर्यंत रक्कम भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.' घाई अशासाठी असते की तुम्ही कोणाला विचारू नये.

चौथी गोष्ट आमच्या कारकुनी धंद्यातील आहे. या पत्रांवर शिक्का, सही, अशोकस्तंभ आणि एखादा लांबलचक क्रमांक छापलेला असतो. तो पाहून माणूस दबतो. दबण्याऐवजी तो क्रमांक वाचावा. भारतातील नोंदणीकृत कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. त्यात पहिल्या एका अक्षरानंतर पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरे (महाराष्ट्रासाठी 'एम एच') आणि त्यापुढे नोंदणीचे वर्ष चार अंकांत असते. पत्रात 'स्थापना १९८५' असे असेल आणि क्रमांकात वर्ष २०२३ असेल, तर खुलासा मागावा. तसेच जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे अंक २७. कार्यालय अंधेरीचे आणि जीएसटी क्रमांक दुसऱ्याच आकड्यांनी सुरू होत असेल, तर तेथेही शंका घ्यावी. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या व जीएसटीच्या संकेतस्थळांवर हे क्रमांक तपासता येतात.

मात्र एवढ्यावर थांबू नये. भामटे खऱ्या कंपनीचा खरा क्रमांकही उचलून छापतात. म्हणून ई-मेलमध्ये दिलेल्या फोनवर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, तो फोन त्यांचाच असतो. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून क्रमांक काढून तेथे विचारावे. कार्यालय मुंबईत असेल तर लोकलने जाऊन पाहून यावे. वीस-तीस रुपयांचे तिकीट काढून वीस-तीस हजार वाचत असतील तर ते तिकीट महाग नाही.

आधी पैसे न मागणारे सापळे

हे वाचून काही चलाख वाचक म्हणतील की आम्ही पैसे भरणारच नाही, मग कसली भीती? परंतु असेही सापळे आहेत ज्यात सुरुवातीला एक पैसाही मागत नाहीत. त्यातले तीन येथे सांगतो.

पहिला 'टास्क'चा. चित्रफितीला पसंती द्या, हॉटेलला तारे द्या, त्याचे ५० रुपये. दोन दिवसांत १५०-२०० रुपये खरोखर खात्यात येतात. ते पाणी दाखवलेले असते. तिसऱ्या दिवशी '१ हजार भरा, १ हजार ३०० घ्या' असे काम येते आणि तेही पैसे परत येतात. मग ५ हजार, मग २० हजार. मोबाइलच्या पडद्यावर आपल्या नावापुढे मोठी रक्कम दिसत राहते, परंतु काढायला गेले की 'आधी कर भरा', 'चूक झाली, दंड भरा' असे सुरू होते. पडद्यावरचा आकडा म्हणजे पैसा नव्हे. आपल्या बँकेच्या खात्यात जमा होतो तोच पैसा.

दुसरा सापळा बँक खात्याचा. 'आमचे ग्राहक तुमच्या खात्यात पैसे पाठवतील, तुम्ही १० टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा, हेच काम.' यात पैसे जात नाहीत, उलट मिळतात, म्हणून पोरे हुरळून जातात. परंतु तो पैसा दुसऱ्या कोठल्यातरी फसलेल्या घरातला असतो. तपास सुरू झाला की खाते गोठते आणि पोलिसांना पहिले नाव सापडते ते आपल्या मुलाचे. मुख्य भामट्याचा पत्ता नसतो, खातेदाराचा असतो. आपले खाते, पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम कार्ड कोणालाही 'कामासाठी' वापरायला देऊ नये, मित्रालाही नाही.

तिसरा सापळा करारनाम्याचा. याचा एक प्रसंग आमच्यासमोर आला तो सांगतो. वस्तीतील एका पदवीधर मुलीला 'डेटा एन्ट्री'चे काम आले. फी काही नाही. फक्त एका करारावर सही करून तिचा फोटो पाठवायचा, सोबत आधार व पॅन. तिने पाठविले. पाच दिवसांत ६०० अर्ज टंकून द्यायचे होते. मूळ अर्जांची चित्रे इतकी पुसट होती की आकडे नीट लागत नव्हते. तिने रात्री जागून काम पुरे केले. सहाव्या दिवशी उत्तर आले की, चुका १० टक्क्यांहून अधिक आहेत, करार मोडला आहे, ५ हजार ९०० रुपये भरा, नाहीतर वकिलाची नोटीस, कोर्टाची केस आणि घरी पोलीस. मुलगी घाबरली. वडिलांचा रक्तदाब वाढेल म्हणून घरी बोलली नाही. आईने भिशीचे पैसे बँकेत भरायला दिले होते, त्यातून तिने रक्कम पाठवली. चार दिवसांनी 'ना हरकत दाखल्या'साठी ११ हजारांची मागणी आली, तेव्हा ती आईला घेऊन आमच्याकडे आली. आई तिला एवढेच म्हणाली, 'अगं, मला आधी सांगायचंस ना, मी काय खाल्लं असतं का तुला?'

आम्ही तिला पुढचे पैसे भरू दिले नाहीत. सगळे ई-मेल व संदेश जपून ठेवले, तक्रार नोंदवली, ते फोन बंद केले. कोर्टाची नोटीस आली नाही, पोलीस आले नाहीत. भिशीचे ५ हजार ९०० मात्र हा लेख लिहीपर्यंत परत मिळालेले नाहीत. आईने ते दोन महिने जास्तीचे काम करून भरून काढले.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

करारनाम्याची भीती घालतात, म्हणून कायदा थोडा समजून घेऊ. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे फसवणूक करून करायला लावलेला करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. कामात चुका झाल्या म्हणून पोलीस कोणाला उचलत नाहीत, तो गुन्हाच नव्हे. कोर्टाचे समन्स यूपीआयवर पैसे मागत नाही. मोबाइलवर वर्दीतला माणूस दाखवून 'डिजिटल अटक' झाली असे सांगतात. अशी अटक कायद्यात कोठेही नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून सांगितले. उलट गुन्हा त्या भामट्यांचा असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-ड प्रमाणे संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, कलम ३१८ फसवणुकीचे व कलम ३१९ तोतयेगिरीचे आहे.

वकिलाला द्यायला पैसे कोठून आणायचे हा प्रश्न आपल्या घरांत नेहमीचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेले अनुसूचित जातींचे लोकही यात येतात. यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

फसवणूक झालीच तर

पैसे गेले असे ध्यानात येताच पहिला फोन १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर करावा. रडत बसू नये, नातेवाइकांची वाट पाहू नये. भामट्याच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी कळले तर ते तेथेच रोखता येतात, एका रात्रीत ते पाच-सहा खात्यांतून फिरून निघून जातात. म्हणून येथे तासातासाला महत्त्व आहे. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम व आपल्या बँकेचे नाव हाताशी ठेवावे. त्याचबरोबर आपल्या बँकेला कळवावे आणि 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. घाटकोपर, पंतनगर, पार्कसाइट, जे जवळ असेल ते. 'ही आमची हद्द नाही' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सांगावे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घेतली जाते. एकटे जाण्यास संकोच वाटत असेल तर मंडळाच्या वा महिला मंडळाच्या कार्यकर्त्याला सोबत न्यावे. ई-मेल व संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, तोच पुरावा आहे.

कागदपत्रे दिली गेली असतील तर आणखी दोन कामे करावी. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते, अनोळखी असेल तर तेथेच कळवता येते. तसेच पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मिळतो. आपल्या नावावर कोणी कर्ज उचलले का ते त्यातून समजते. आणि येथून पुढे जातीचा दाखला, आधार, पॅन, गुणपत्रिका अशी सगळी पुडी मुलाखतीआधी कोणालाही पाठवू नये. आधार द्यावेच लागले तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार उतरवून घेता येते, ते द्यावे.

एक इशारा आणखी. घरबसल्या कामाच्या ई-मेलमागोमाग 'परदेशात डेटा एन्ट्री, विमानाचे तिकीट आम्ही देऊ' असेही ई-मेल येतात. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडूनच फसवणुकीची कामे करून घेतल्याचे उघड झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला न्यायला निघालेल्या माणसाबरोबर आपले मूल पाठवू नये.

खरी वाट कोणती

मुलांना नुसते 'हे करू नको' म्हणून चालत नाही, काय करावे तेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवेत व राज्य सरकारच्या 'महास्वयम्'वर नावनोंदणी मोफत आहे. पुण्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेतर्फे, म्हणजे बार्टीतर्फे, अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण चालविले जाते. त्यांच्या जाहिराती वेळोवेळी पाहाव्यात. या वाटा लांबच्या आहेत, हे आम्हांस मान्य आहे. दोन तासांत २५ हजार देणारी वाट यापेक्षा जवळची दिसते. परंतु ती जेथे नेते ते वर सांगितलेच आहे.

शेवटी आई-वडिलांना एक सांगणे. 'तुझ्याबरोबरचे सगळे कमावते झाले' हे वाक्य आपण घरात सहज बोलून जातो. बेकार मुलाला ते रोज टोचते, आणि मग कसले तरी निवडपत्र आले की तो कोणालाही न विचारता त्यावर तुटून पडतो. फसल्यावर बोलणी खावी लागतील म्हणून लपवतो, आणि लपवले की भामट्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पैसे मिळतात. पहिल्या मागणीत गेलेल्या पैशांपेक्षा गप्प बसल्यामुळे गेलेले पैसे पुष्कळदा जास्त असतात. घरात एवढा नियम करावा की, पैशाचा व नोकरीचा कोणताही ई-मेल घरातील दोघांनी वाचल्याशिवाय त्याला उत्तर जाणार नाही. त्यातले एक माणूस कमी शिकलेले असले तरी हरकत नाही. ज्याला इंग्रजी येत नाही ते माणूस 'पण हे पैसे का मागतायत?' असा सरळ प्रश्न विचारते, आणि बहुधा तोच प्रश्न उपयोगी पडतो.

महिला मंडळांनी व बचत गटांनी आपल्या पुढच्या बैठकीत या विषयावर अर्धा तास द्यावा. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फळ्यावर आणि आपल्या चाळीच्या जिन्यापाशी लावावा. ज्यांना असे ई-मेल आले आहेत त्यांनी रविवारी मोबाइल घेऊन यावे. मिळून वाचू.